मोटरहोमला हवा एक नळ आणि एक शोषखड्डा

मोटरहोम घ्यायचा विचार करणारे लोक मला सगळ्यात आधी बेड केवढा हे विचारतात. मग एसी आहे का, टीव्ही कुठे बसवला, खर्च किती आला. संडासाचं पाणी कुठे जातं, हे विचारणारा क्वचित भेटतो. माझ्या मते पहिला प्रश्न तोच. त्याचं उत्तर मिळालं की गाडी केवढी घ्यावी, आत काय बसवावं आणि ती कुठे उभी करावी हे बरंचसं आपोआप ठरतं. सरकारनेसुद्धा या विषयाची सुरुवात तिथूनच करायला हवी होती.

मी रत्नागिरीकडचा. नोकरीची सगळी वर्षं आयटीआयमध्ये वीजतंत्री शाखेचा निदेशक म्हणून गेली. निवृत्तीनंतर आम्ही जुनी टाटा विंगर घेतली आणि तिच्यात झोपण्याची, स्वयंपाकाची आणि संडासाची सोय करून घेतली. कारण साधं होतं. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. एसटीने कोल्हापूरला जायचं असलं की ती सकाळपासून पाणी पीत नसे, कारण आंबा घाटात बाईमाणसाने उतरायचं कुठे? हे एकट्या तिचं नाही. आपल्याकडच्या असंख्य बायका प्रवासात तहान मारून बसतात, त्यापायी मूत्रमार्गाचे आजार ओढवून घेतात, आणि घरातल्या पुरुषांना ते कळतही नाही. गाडीत संडास आल्यापासून ती प्रवासात तहान लागली की पाणी पिते. माझ्यासाठी या गाडीची सगळी किंमत तेवढ्यात वसूल झाली आहे. म्हणून मोटरहोम ही श्रीमंतांची चैन आहे असं कोणी म्हटलं, की मला ते पटत नाही. सिनेमावाल्यांच्या व्हॅनिटी व्हॅन पाहून आपण तसं ठरवून टाकलं आहे.

गाडी लहानच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. लहान म्हणजे साधारण साडेपाच मीटर लांब, आत उभं राहता येईल इतकी उंच. कोकणातल्या गावात शिरणाऱ्या रस्त्याला दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात. समोरून वाळूचा डंपर आला तर कोणीतरी एकाने मागे जायचं असतं, आणि लांब गाडी वळणावर मागे घेता येत नाही. दाभोळहून धोपाव्याला, जयगडहून तवसाळला किंवा वेसवीहून बागमांडल्याला फेरीबोटीने जायचं तर ओहोटीच्या वेळी उतार चांगलाच खडा होतो. मागच्या चाकांच्या पलीकडे गाडीचा सांगाडा लांब लोंबत असेल, तर तिथे बंपर घासतो. मागे बंपरखाली सांडपाण्याची टाकी बसवली असेल तर ती फुटते. म्हणून गाडी बघायला गेलात की आधी बाजूला उभे राहा आणि मागच्या चाकापासून बंपरपर्यंत किती अंतर आहे ते बघा. गादीची जाडी नंतर बघता येईल.

आपल्याकडे हौशी लोक मुख्यतः दोन गाड्यांकडे वळतात, फोर्सची ट्रॅव्हलर आणि टाटाची विंगर. ट्रॅव्हलरला मागची चाकं ढकलतात, विंगरला पुढची चाकं ओढतात. विंगरच्या खालून प्रोपेलर शाफ्ट जात नसल्यामुळे आतली जमीन खाली राहते. गुडघे दुखणाऱ्या माणसाला चढायला ते फार बरं. पण पाण्याच्या टाक्या, बॅटरी, भांडी असं सगळं वजन मागे लादलंत तर पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो, आणि पावसात आंबोली चढताना ती जागच्या जागी फिरायला लागतात. ट्रॅव्हलर ओझं जास्त पेलते, तिचे पार्ट तालुक्याच्या गावातही मिळतात आणि तिच्यावर हात बसलेला मेकॅनिक जवळपास सगळीकडे सापडतो. चार माणसांचं कुटुंब असेल तर मी ट्रॅव्हलर सांगेन. दोघांनाच फिरायचं असेल तर विंगर पुरते.

वजनाबद्दल मला जरा आग्रहाने सांगायचं आहे. फॅब्रिकेटर १८ मिलिमीटरचा प्लाय वापरायला बघतो, कारण घरच्या फर्निचरची त्याला तीच सवय. त्याचं आठ बाय चारचं एक शीट ३५ किलोच्या आसपास भरतं. अशी पाच-सहा शीटं गेली की तीन माणसांचं वजन कायमचं गाडीत बसलं. जिथे भार येत नाही तिथे ९ किंवा १२ मिलिमीटरचा प्लाय लावा, आणि घ्याल तो बीडब्ल्यूपी, म्हणजे आयएस ७१० चा शिक्का असलेलाच. साधा प्लाय कोकणातल्या दोन पावसाळ्यांत फुगतो. सगळं काम झालं, पाणी भरलं, माणसं बसली, की गाडी सरळ वजनकाट्यावर न्या. पुढची चाकं वेगळी, मागची वेगळी मोजून घ्या आणि आरसी बुकातल्या कमाल वजनाशी ताडून बघा. साखर कारखान्याबाहेर किंवा खडीच्या क्रशरजवळ असे काटे असतात, नाममात्र पैशात पावती मिळते. घाट उतरताना ब्रेक तापून सुटतात त्यामागे हे वाढलेलं वजन असतं, आणि खालच्या गिअरमध्ये उतरण्याची सवय नसणं असतं.

आता पाणी. दोन माणसांना पिण्या-स्वयंपाकाला दिवसाला आठ-दहा लिटर, भांड्यांना तेवढंच, हातपाय-तोंडाला पाच-सहा आणि अर्ध्या बादलीत आंघोळ केली तर प्रत्येकी दहा. हिशेब ४० ते ४५ लिटरवर जातो. हे सगळं पाणी गाडीत येतं आणि पिण्यातलं सोडलं तर जवळपास सगळं सांडपाणी म्हणून बाहेर पडतं. शंभर-दोनशे लिटरच्या टाक्या बसवणारे लोक स्वच्छ पाण्याचीच फुशारकी मारतात. सांडपाण्याला त्यांच्या गाडीत टाकीच नसते. खाली एक पाइप सोडलेला असतो आणि साबणाचं पाणी जिथे मुक्काम तिथे मातीत जातं. नदीकाठी मुक्काम असेल तर नदीत. मला याचा मनापासून राग आहे. ज्या पऱ्याच्या पाण्यावर खालची वाडी जगते, त्याच पऱ्यात आपण रात्रीची भांडी विसळून निघून जायचं?

आम्ही मोठी टाकी बसवली नाही. दहा-दहा लिटरचे सहा कॅन ठेवले. उतारवयात उचलायला झेपतात, आतून घासता येतात, उन्हात पालथे घालून वाळवता येतात. बसवलेल्या टाकीच्या तळाशी जमलेला बुळबुळीत थर कोणाला दिसत नाही आणि तेच पाणी चहाला जातं. सिंकखालीही तसाच एक कॅन आहे, सांडपाण्याचा. तो भरला की रिकामा करायलाच लागतो, त्यामुळे पाणी जपून वापरलं जातं.

संडासासाठी कॅसेट असलेलं पोर्टेबल टॉयलेट आहे. खालचा डबा २० लिटरचा, दोघांना दोन दिवस पुरतो. त्यात घालायचं औषध निवडताना फॉर्मल्डिहाइड असलेलं घेऊ नका. वास मारायला ते जोरदार असतं, पण सेप्टिक टँकमध्ये मैला कुजवणारे जे जिवाणू असतात त्यांनाही ते मारतं. ज्याच्या टाकीत आपण डबा ओतणार त्याची टाकी बिघडवून जायचं हे बरोबर नाही. जैविक औषधं मिळतात, ती वापरा. डबा घरच्या सेप्टिक टँकमध्ये किंवा परवानगी घेऊन सार्वजनिक शौचालयात रिकामा करावा. शेतात, ओढ्यात, काजूच्या बागेत कधीही नाही.

अडचण इथेच येते. शौचालयाच्या रखवालदारापुढे डबा घेऊन उभं राहिलं की तो नाही म्हणतो. त्याला मी दोष देत नाही. या डब्याचं काय करायचं हे त्याला कोणी सांगितलेलंच नाही आणि घाण झाली तर बोलणी त्यालाच बसणार. परवानगी मागून नकार मिळालेला माणूस अंधार पडल्यावर काय करेल, हे सांगायला नको.

विजेबद्दल माझ्या धंद्यातलं थोडं सांगतो, कारण गाड्यांना लागणाऱ्या आगींमागे फार वेळा वायरिंगच असतं. घरच्या २३० व्होल्टवर १००० वॉटच्या उपकरणाला सव्वाचार अँपिअर लागतात. त्याच उपकरणासाठी इन्व्हर्टर १२ व्होल्टच्या बॅटरीतून नव्वदच्या आसपास अँपिअर ओढतो. घरात पॉवर प्लगला चालणारी अडीच स्क्वेअरची वायर तिथे लावली तर ती शेगडीतल्या कॉइलसारखी तापते. बॅटरी ते इन्व्हर्टर केबल जाड आणि आखूड हवी, आणि बॅटरीच्या प्लस टोकापासून एका वितीच्या आत फ्यूज हवा. घरचा एमसीबी १२ व्होल्टच्या मुख्य लाइनला लावू नका. एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून त्याची ठिणगी लगेच विझते. डीसी शून्यावर येतच नाही, त्याला डीसीसाठी बनवलेलाच ब्रेकर लागतो. जुनी मोटरहोम घेताना मी पहिल्यांदा स्विचबोर्ड उघडायला लावतो. आत टेपने गुंडाळलेले जोड दिसले आणि फ्यूज दिसला नाही, तर बाकीची गाडी कितीही देखणी असो, मी तिथून निघतो.

१२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम फॉस्फेट बॅटरी म्हणजे १२०० वॉट-अवर, त्यातले हजारेक बिनधास्त वापरायचे. लेड-अॅसिडमधले निम्मेच वापरावेत, नाहीतर तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. चाळीस-पन्नास लिटरचा १२ व्होल्टचा फ्रिज कोकणच्या उकाड्यात दिवसाला पाचशे-सहाशे खातो. वर पंखा, दिवे, फोन. दोघांना एक बॅटरी आणि छपरावर दोनशे वॉटची दोन पॅनेल एवढ्यात छान भागतं. आता यात एसी घाला. रात्रभराला पाच युनिट तरी लागतील, म्हणजे अशा पाच बॅटऱ्या, किंवा शेजारच्याची झोप उडवणारा जनरेटर. इथूनच लहान गाडी मोठी व्हायला लागते. माझा उपाय असा की एप्रिल-मे महिन्यांत किनाऱ्यावर गाडीत झोपायला जाऊच नये. दर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी उतरते. उन्हाळ्यात घाटमाथ्यावर जावं, किनारा नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी राखावा.

गॅसबद्दल दोनच गोष्टी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला की जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी बाहेर उघडणारं भोक हवंच. आणि ऊब यावी म्हणून दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

देखभालीचा खरा शत्रू पावसाळा. छपराला जिथे जिथे भोक पाडलं असेल, पंख्यासाठी, पॅनेलच्या वायरीसाठी, तिथलं सीलंट उन्हाने तडकतं आणि जूनमध्ये पाणी आत झिरपतं. ते वरून दिसत नाही. खिडकीखालचं लाकूड अंगठ्याने दाबून बघा. मऊ लागलं तर आत कुजायला सुरुवात झाली आहे. दर मे महिन्यात मी छपरावर चढून प्रत्येक जोड तपासतो आणि शंका आली की जुनं सीलंट खरवडून नवं भरतो. समुद्रावरून आलं की त्याच दिवशी गोड्या पाण्याने खालचा सांगाडा धुवायचा, चाकांच्या कमानींच्या आतून सुद्धा. खारी हवा पत्र्याला दाराच्या उंबऱ्यापासून खाते. पावसाळाभर गाडी शेडमध्ये उभी असते तेव्हा लिथियम बॅटरी अर्धी भरलेली ठेवावी आणि लेड-अॅसिड पूर्ण भरलेली. उलट केलं तर दोन्ही बिघडतात. उंदरांसाठी बॉनेटमध्ये तंबाखूच्या पुड्या ठेवायची ड्रायव्हर लोकांची रीत आहे, पण माझा भर गाडी दर आठवड्याला सुरू करून थोडी फिरवण्यावर. हलत्या गाडीत उंदीर घर करत नाहीत आणि टायरही एकाच जागी दबून राहत नाहीत. टायरवरून आठवलं. मोटरहोमचे टायर झिजून मरत नाहीत, म्हातारे होऊन मरतात. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ लिहिलं असेल तर तो २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी नव्यासारखी दिसली तरी सहा-सात वर्षांनंतर मी टायर ठेवत नाही.

कायद्याचं काम आडवाटेने करू नका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, आरसीवर नोंदलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय फेरफार करता येत नाही. मोटर कॅरॅव्हॅनसाठी एआयएस १२४ हे वेगळं मानक आहे, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन बिगर-परिवहन वर्गात नोंदता येते. गाडी बांधणाऱ्याकडे मान्यतेचे कागद आहेत का हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी बघा, आणि झालेला बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याच वर्षी केरळनेही आपलं आणलं. धोरण आलं याचा मला आनंदच झाला होता. पण ते वाचल्यावर लक्षात येतं की लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर उद्योजक होता. कॅरॅव्हॅन पार्क उभारणारा, गाड्या भाड्याने फिरवणारा, त्यांची नोंदणी आणि त्यांना सवलती. स्वतःची लहान गाडी घेऊन निघालेलं निवृत्त जोडपं त्यात कुठे बसतं? आम्हाला रिसॉर्ट नको आहे. रात्रभर सुरक्षित उभं राहायला सपाट जागा, एक नळ, आणि डबा व सांडपाणी रिकामं करायची जागा, एवढंच हवं आहे. ते फुकटही नको.

कोणी म्हणेल, एवढ्या थोड्या गाड्यांसाठी सरकारने का धावावं? तर गाड्या वाढत आहेत आणि सोय नसताना वाढत आहेत, म्हणून. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत. २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्या कातळावर पावसाळ्यात उगवणारी कित्येक इवली झाडं दुसरीकडे रुजत नाहीत. सडा दिसायला मोकळा, म्हणून लोक सरळ त्यावर गाड्या घालतात. वेळास आणि आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं बाहेर पडली की उजेडाकडे वळतात, आणि तो उजेड समुद्रावरचा असायला हवा. कुणाच्या गाडीच्या पट्टीदिव्यांचा तो असून चालणार नाही. उभं राहायची जागा ठरवून दिली तर या दोन्ही ठिकाणांपासून गाड्या लांब ठेवता येतील. नुसत्या बंदीच्या पाट्यांनी ते होत नाही.

दुसऱ्याच्या जमिनीवर मुक्काम कसा करावा हे आपल्याकडे धनगरांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. ते शेतकऱ्याशी बोलून त्याच्या शेतात मेंढरं बसवतात. रात्रीचा मुक्काम होतो आणि शेताला खत मिळतं. शेतकरी त्यांना बोलावतो, वर धान्य किंवा पैसे देतो. गाडीवाल्याने खत द्यायची गरज नाही, पण विचारून थांबायचं, ठरलेले पैसे द्यायचे आणि जमीन होती तशी सोडायची, हे आपण त्यांच्याकडून घेतलं पाहिजे.

जागा नव्याने शोधायला नकोत. एसटीच्या आगारात पाणी आहे, शौचालय आहे, रखवालदार आहे, आणि रात्री कोपऱ्यात दोन गाड्या मावतात. एमटीडीसीच्या निवासांना आवार आहे. फेरीबोटीच्या जेट्टीजवळ मोकळी जागा असते. ग्रामपंचायतींनी स्वच्छतेच्या योजनांमधून शोषखड्डे केलेलेच आहेत. सेप्टिक टँकवर झाकणाचा चार इंची पाइप, शेजारी हात धुवायला नळ, सांडपाण्यासाठी विहिरीपासून लांब एक शोषखड्डा, आणि दर लिहिलेली पाटी. गवंड्याचं हे दोन-तीन दिवसांचं काम आहे. रात्रीला दीडशे रुपये घेतले तर खर्च निघेल आणि रखवालदारालाही त्याचा वाटा देता येईल.

आमच्या तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका ग्रामपंचायतीला मी असा अर्ज दिला आहे. सोबत खड्ड्याचा आणि पाइपचा नकाशा हाताने काढून जोडला आहे. सरपंचताईंनी दोनच प्रश्न विचारले. वास येईल का, आणि रात्री येणारे लोक दारू पिऊन गोंधळ घालणार नाहीत ना? पहिल्याला मी झाकण आणि वर नेलेली व्हेंट पाइप नकाशात दाखवली. दुसऱ्यासाठी आरसी आणि आधारची नोंद, रात्री दहानंतर दिवे-गाणी बंद आणि पाच हजारांची अनामत असे नियम लिहून दिले. २६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा विषय घ्यायचं त्यांनी कबूल केलं आहे. पाइप आणि झाकण मी माझ्या खर्चाने आणून देणार आहे.